बापाची मेंढी

रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. वीस वर्षांच्या नोकरीत मी त्या रकान्यात आलटूनपालटून दोनच कारणं लिहीत आलो. उन्हाळ्यात 'गावी लग्नकार्य' आणि पावसाळ्यात 'प्रकृती अस्वास्थ्य'. २०१९च्या जून महिन्यात मी पहिल्यांदाच खरं कारण लिहिलं : 'तैवान येथे चिनी धर्म व तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासासाठी पाच आठवडे.' मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचला आणि अगदी सहानुभूतीच्या सुरात म्हणाले, "अहो, सांगायचं नसेल तर नुसतं 'घरगुती कारण' लिहा ना. आम्ही कुठे खोदून विचारतो?"

मी खाडाखोड करून 'घरगुती कारण' लिहिलं. रजा मंजूर झाली.

आता मी तत्त्वज्ञानाकडे कसा काय वळलो असं कुणी विचारील, तर मी वळलो नाही, मला वळवलं. माझा धाकटा मेहुणा तैवानच्या दक्षिणेला ताइनान नावाच्या शहरात चिप्सच्या कारखान्यात इंजिनियर होता. चिप्स म्हणजे बटाट्याच्या नव्हेत, कॉम्प्युटरच्या. हे शेजारीपाजारी दर वेळी नव्याने सांगावं लागे. "भाऊजी, या एकदा इकडे," असं तो दर दिवाळीला फोनवर म्हणायचा. फोनवर म्हणायला काही पडत नाही. त्या वर्षी मात्र आमच्या मंडळींनी, "हे येतायत रे, रजा ढीगभर साठलीय यांची," असं परस्पर कळवून टाकलं. मुलीचं दहावीचं वर्ष होतं, आणि मी घरात नसलो की मुलीचा अभ्यास जास्त होतो असं हिचं जुनं मत आहे. तिकडे मेहुण्याला, पाच आठवडे दिवसभर भाऊजी सोफ्यावर बसलेले आहेत, ही कल्पना पेलेना. त्याने शोधाशोध करून तिथल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात माझं नाव घालून टाकलं. वर्ग इंग्रजीतून, वयाची अट नाही, पदवी कुठलीही चालेल. फॉर्ममध्ये 'तत्त्वज्ञानाचा पूर्वानुभव' असा रकाना होता. मी लिहिलं, 'कॅश काउंटर, वीस वर्षे.' प्रवेश मिळाला. मुद्दा त्यांना पटला असावा.

वर्गात आम्ही चौदाजण होतो. एक निवृत्त जर्मन शाळामास्तर, दोन अमेरिकन पोरं, एक कोरियन तरुण, फिलिपाइन्सच्या एक सिस्टर, मलेशियाची एक चिनी वंशाची मुलगी, आणखी कोण कोण आणि मी. शिकवायला पन्नाशीच्या एक बाई होत्या. तिकडे शिक्षकाला 'लाओशी' म्हणतात. 'लाओ' म्हणजे जुना, म्हातारा, आणि तो आदराचा शब्द आहे. आपल्याकडे एखाद्या बाईंना 'म्हाताऱ्या बाई' म्हणून बघा, म्हणजे दोन संस्कृतींमधला फरक ताबडतोब लक्षात येईल.

पहिल्या आठवड्यात लाओत्से झाले. त्यांची 'वू-वेइ' नावाची एक कल्पना आहे : उगीच धडपड करू नये, गोष्टी आपल्या ओघाने होऊ द्याव्यात. जर्मन मास्तरांना ही कल्पना समजायला तीन दिवस लागले. मला चटकन समजली. आमच्या शाखेत दुपारी दोननंतर हेच चालतं. मग च्वांगत्से आले. त्यांची बायको वारली तेव्हा सांत्वनाला आलेल्या मित्राने पाहिलं, तर हे पाय पसरून, भांडं बडवत गात बसलेले. जन्म आणि मरण हे ऋतूंसारखं असतं, त्यात रडायचं काय, असा त्यांचा खुलासा. हे मी रात्री फोनवर घरी सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "भांडं कुठलं होतं?"

तिसऱ्या भागात बौद्ध धर्म आला तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच तो बॅगेतून आणून पोचता केला होता. ह्यूएन त्संग सातव्या शतकात फिरत फिरत महाराष्ट्रातही आला होता आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाची नोंद करून गेला, हे लाओशींनी सांगितलं. मी मान डोलावली. आमच्या चाळीत तो राहून गेला असावा इतकं ते बरोबर होतं.

दुपारी आम्हांला देवळं दाखवायला नेत. ताइनानमध्ये १६६५ सालचं कन्फ्यूशियसचं मंदिर आहे, तैवानमधलं सगळ्यांत जुनं. बाहेर एक शिलालेख आहे, की इथे अधिकाऱ्यांनी घोड्यावरून खाली उतरावं. त्या शिळेसमोरून दिवसभर हजारो स्कूटरी जातात, एकही उतरत नाही. आत कन्फ्यूशियसची मूर्ती नाही. नुसती एक नावाची पाटी, आणि वर राजांनी आणि पुढे राष्ट्राध्यक्षांनी अर्पण केलेले फलक. मला ती पाटी फार आवडली. साहेब जागेवर नाहीत, पण टेबल त्यांचंच आहे, असं काहीसं वाटत होतं.

पण माझा जीव जडला तो नगरदेवाच्या देवळावर. चिनी परंपरेत प्रत्येक शहराला एक देव नेमलेला असतो. नेमलेला म्हणजे अक्षरशः नेमलेला, सरकारी हुद्द्यासारखा. गावातल्या माणसांच्या पापपुण्याचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. ताइनानचं हे देऊळ १६६९ सालचं. आत शिरलं की समोर फलक, त्यावर तीनच अक्षरं : 'आलास ना तू!' हे वाचून पोटात जे होतं, ते ऑडिटची पार्टी अचानक दारात उभी राहिली की होतं तसंच होतं. दोन्ही बाजूंना देवाची चोवीस खाती आणि त्यांचे अधिकारी. आणि वर टांगलेला एक भलामोठा अबॅकस, मण्यांची मोजपट्टी. देवाच्या हातात चक्र, गदा, त्रिशूळ पाहत आलेला मी माणूस. हिशेबाचं यंत्र बाळगणारा देव आयुष्यात पहिल्यांदा भेटला. मी चपला काढून लांबलचक नमस्कार घातला. (तिकडे चपला काढत नाहीत. पण खात्यातला वरिष्ठ आहे म्हटल्यावर मला राहवेना.)

तर असं सगळं मजेत चाललं होतं, आणि चौथ्या आठवड्यात मेंढी आली.

गोष्ट दोन-चार ओळींची आहे. कन्फ्यूशियस, म्हणजे इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ या काळातला माणूस, फिरत फिरत शे नावाच्या मुलखात गेला. तिथला सरदार फुशारकी मारायला लागला : आमच्याकडे गोंग नावाचा एक इतका सरळमार्गी गडी आहे, की त्याच्या बापाने मेंढी लाटली तर त्याने स्वतः जाऊन बापाविरुद्ध सांगितलं. सरदाराला वाटलं, पाहुणा वाहवा करील. पाहुण्याने वाहवा केली नाही. आमच्या गावी सरळपणाची रीत वेगळी आहे, असं तो म्हणाला. तिथे बाप पोराला झाकतो आणि पोरगा बापाला, आणि जो काय सरळपणा असतो तो तिथेच सापडतो.

माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट ताडकन उभा राहिला. म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! ही म्हण आमच्याकडे शेजारणीला टोमणा मारायला वापरतात, आणि इकडे तिचं तत्त्वज्ञान झालं? उद्या कॅशियरने पन्नास हजार खिशात घातले आणि त्याचाच मुलगा ऑफिसर असला, तर काय ताळेबंदात 'पितृप्रेम' असं हेड उघडायचं?

लाओशींनी एकेकाला विचारलं. अमेरिकन पोरं म्हणाली, सांगून टाकू, कायदा तो कायदा. कोरियन तरुण खूप वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मी सांगणार नाही, पण मी वडिलांशी परत बोलणारही नाही. सिस्टर म्हणाल्या, प्रार्थना करीन. मलेशियाच्या मुलीने उत्तर दिलं, "मी आधी आईला सांगेन," आणि सगळा वर्ग खो खो हसला, कारण सगळ्यांच्या घरी तेच होणार होतं.

मग माझी पाळी. "तुम्ही बँकेतले. तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "मेंढी कुणाची होती?"

लाओशी क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "अडीच हजार वर्षं या गोष्टीवर वाद चाललाय. पण मेंढीवाल्याचं नाव कुणी टिपून ठेवलेलं नाही."

वर्गात मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं. जर्मन मास्तरांनी तर वहीत लिहून घेतलं. मी रुबाबात खाली बसलो. आणि बसल्या बसल्या मला जाणवलं, की हा रुबाब आपल्या ओळखीचा आहे. असंच एकदा उभं राहून, असंच बरोब्बर बोलून, असंच मी खाली बसलो होतो.

ते साल १९९६. आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. चाळीचा गणपती होता, आणि माझे वडील मंडळाचे चौदा वर्षं खजिनदार. बाबा एका खाजगी कंपनीत टाइमकीपर होते. त्या वर्षी कंपनीची रड चालू होती, तीन महिने पगार नव्हता; पण हे घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. मी टी. वाय. बी. कॉम.ला. ऑडिटिंग हा विषय नवा नवा शिकत होतो आणि ज्याला त्याला व्हाउचर मागत होतो. अनंत चतुर्दशी झाल्यावर हिशेबाची सभा असायची. त्या वर्षी अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "खजिनदारांचा मुलगा कॉमर्सला आहे. बघू दे की त्याला हिशेब." मी लाल पेन्सिल, हिरवी पेन्सिल घेऊन बसलो. वर्गणीची पुस्तकं जुळली. प्रसाद जुळला. लायटिंग जुळलं. मंडपवाल्याची पावती होती २,८६० रुपयांची, आणि वहीत बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते ३,५०० रुपये. फरक ६४०.

हे मला सभेच्या दोन दिवस आधी समजलं. आमची खोली दहा बाय बारा. मी आणि बाबा रात्री झोपायचो तेव्हा आमच्यामध्ये फार तर चार फुटांचं अंतर असायचं. त्या दोन रात्री मी ते चार फूट ओलांडले नाहीत. ओलांडावेत असं मनातही आलं नाही, हे खरं. मनात होती ती सभा, आणि सभेतलं माझं वाक्य. ते मी पाठ करत होतो.

सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडपाच्या खर्चात सहाशे चाळीस रुपयांची तफावत आढळते." 'आढळते' हा शब्द पुस्तकातला. गॅलरीत सगळे चिडीचूप. बाबा उठले. "बरोबर आहे. ते पैसे माझ्याकडून भरायचे आहेत. महिन्याभरात भरतो," म्हणाले आणि खाली बसले. तीन आठवड्यांत त्यांनी भरले. त्यानंतर त्यांच्या मनगटावर घड्याळ दिसलं नाही. टाइमकीपर माणूस, पण कुणी वेळ विचारली की स्टेशनच्या घड्याळाकडे बोट करायचा.

माझी मात्र चाळीत फार वाहवा झाली. हरिश्चंद्राचा अवतार काय, न्याय रामशास्त्र्यांचा काय. पुढच्या वर्षी खजिनदार बदलले. नवे खजिनदार म्हणून वीस वर्षांच्या मला घेतलं.

दिवाळीनंतर एकदा आई भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या फीचा दुसरा हप्ता किती होता रे?" मी ट्रंकेतून पावती काढून पाहिली. रुपये ६४०. तारीख मंडपवाल्याच्या पावतीनंतर दोन दिवसांनी. पै न पै टॅली. म्हणजे ऑडिटिंगचा तो विषय मी ज्या पैशांवर शिकत होतो, त्याच पैशांचं मी ऑडिट केलं होतं.

बाबा कधीही, एका शब्दाने काही बोलले नाहीत. ओरडले असते तर फिटलं असतं. पुढे मी बँकेत लागलो, घरात पैसे द्यायला लागलो. पन्नासाची नोट देऊन त्यांना भाजी आणायला सांगितली, तरी परत आल्यावर ते माझ्या टेबलावर उरलेली नाणी आणि एक चिठ्ठी ठेवायचे : मेथी इतके, कांदे इतके, शिल्लक इतके. मी कधी हिशेब मागितला नव्हता. २०११ साली ते गेले, तोवर हे चाललं होतं.

मेहुण्याच्या घरी त्या रात्री मला झोप लागली नाही. एअरकंडिशनर गार होता, मीच गरम होतो.

दुसऱ्या दिवशी वाटलं होतं, मेंढी संपली असेल, आता पुढचा धडा. छे! लाओशी म्हणाल्या, या गोष्टीच्या आणखी आवृत्त्या आहेत. इसवी सनापूर्वी २३९च्या सुमारास ल्यू बूवेइ नावाच्या प्रधानाने विद्वानांकडून एक ग्रंथ करवून घेतला. त्यात हाच गोंग बापाविरुद्ध सांगतो. मग बापाला देहदंड होणार म्हटल्यावर म्हणतो, माझा जीव घ्या. मग त्याचा शिरच्छेद करायला निघतात तेव्हा म्हणतो, चोरी सांगितली म्हणून मी प्रामाणिक, बापाऐवजी मरायला निघालो म्हणून मी पितृभक्त. असल्या माणसाला मारलंत तर राज्यात जगणार कोण? राजा खूश होऊन सोडून देतो. यावर कन्फ्यूशियसच्या तोंडी शेरा घातलाय, की अजब आहे याचा प्रामाणिकपणा. एकाच बापावर दोनदा नाव कमावलं.

वर्ग हसला. मी पेन उचलून खाली ठेवलं.

कारण मला बँकेत रुजू होताना चारित्र्याचा दाखला लागला होता, तो आमच्या अध्यक्षांनीच दिला होता. त्यात त्यांनी ती सभेची हकीकत मोठ्या कौतुकाने घातली होती. 'स्वतःच्या वडिलांचीही भीड न ठेवता' असे शब्द होते. तो दाखला तीन रुपयांच्या पाकिटात घालून पोचवायला कोण गेलं असेल? मला त्या दिवशी ताप होता. बाबाच गेले होते.

पुढे त्या तासाला पुष्कळ झालं, पण मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. हान फेइ नावाचा एक कडक कायदेवाला होता. त्याने सांगितलेल्या आवृत्तीत बापाविरुद्ध सांगितलं म्हणून गोंगलाच ठार मारतात, आणि हान फेइ कपाळाला हात लावतो, की अशाने चोर पकडून कोण देईल? इसवी सनापूर्वी ६६ साली हान सम्राटाने हुकूम काढला, की आईबापांना झाकणाऱ्या मुलाला शिक्षा नाही. ६५३ सालच्या तांग राजवटीच्या कायद्यात तर आईबापांविरुद्ध फिर्याद देणाऱ्या मुलालाच फाशी. आज तैवानच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकाला साक्ष नाकारता येते. चीनमध्ये २०१२ साली कायदा बदलला, तेव्हा नवराबायको, आईबाप आणि मुलं यांना एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं राहायची सक्ती करायची नाही असं ठरलं. आपल्याकडे नवराबायकोमधल्या बोलण्याला संरक्षण आहे, बापलेकांमधल्या नाही. बापलेक एकमेकांशी बोलतच नाहीत, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावं.

आणि एक गोष्ट लाओशींनी आवाज न चढवता सांगितली. १९७० साली, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत, अनहुइ प्रांतातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या आईविरुद्ध तक्रार केली. घरात बोलताना ती माओंच्या विरोधात बोलली होती. तिला गोळी घालून मारलं. दहा वर्षांनी सरकारने ती निर्दोष असल्याचं जाहीर केलं. तो मुलगा म्हातारपणाकडे झुकल्यावर २०१३ साली लोकांसमोर आला आणि त्याने आपल्या हातून काय झालं ते सांगितलं. अमेरिकन पोरांपैकी एकाने विचारलं, "मग त्याने तेव्हा कायदा पाळला होता ना?" लाओशी म्हणाल्या, "हो. पाळला होता."

सुटका केली ती मेन्शियसने. त्याला कुणीतरी खोडसाळपणे विचारलं होतं : शुन महाराज इतके पितृभक्त, पण त्यांच्या बापाने खून केला तर? मेन्शियसचं म्हणणं असं, की फौजदार बापाला पकडणारच आणि महाराजांनी त्याला अडवायचं नाही. त्यांनी राज्य फाटक्या चपलेसारखं टाकून द्यायचं, बापाला पाठीवर घ्यायचं आणि समुद्रकाठी पळून जाऊन सुखाने राहायचं. मला हे एकदम पसंत पडलं. आधी राजीनामा, मग बापाला पळवणं. खुर्चीवर बसून वशिला लावणं नाही. आमच्याकडचे लोक नेमकं राजीनाम्याचं कलम विसरतात आणि बाकी मेन्शियस तंतोतंत पाळतात.

तास संपल्यावर मी लाओशींना गाठलं. म्हटलं, माझ्या एका मित्राची गोष्ट आहे. सगळी सांगितली. मंडप, लाल पेन्सिल, पावती. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "झाकणं म्हणजे चोरीला चांगलं म्हणणं नव्हे. आईबाप चुकले तर मुलाने हळू आवाजात सांगावं, ऐकलं नाही तरी मान राखावा, असंही त्याच पुस्तकात आहे. तुमच्या मित्राने सभेच्या आधी वडिलांना विचारलं होतं का?"

"नाही."

"का?"

या 'का'ला माझ्याकडे व्हाउचर नव्हतं. अंतर चार फुटांचं होतं, वेळ दोन रात्रींचा होता. घरात हळू आवाजात सांगितलं असतं, तर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. एवढंच कारण मला सापडतं, आणि ते काही चांगलं कारण नाही.

तरी पण! मी बँकेतला माणूस आहे, एका तासात कन्फ्यूशियसला शरण जाणाऱ्यांपैकी नाही. समजा, मी सांगितलं असतं, "बाबा, सहाशे चाळीस कमी आहेत." ते म्हणाले असते, "बघतो रे, पगार झाला की." पगार झालाच नसता तर? मी सभेत 'हिशेब तपासला, बरोबर आहे' असं म्हणून सही ठोकली असती का? ठोकली असती. आणि नोकरीत मी इतकं पाहिलंय, की जिथे जिथे मोठं भगदाड पडलं, तिथे सुरुवातीला कुणीतरी कुणालातरी 'आपला माणूस आहे, भरेल पुढच्या महिन्यात' असंच म्हटलेलं होतं. त्या सहाशे चाळीस रुपयांत, तळमजल्यावर पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या काकूंचे एकवीस रुपये होते. त्यांनी ते पदराच्या गाठीतून सोडून दिलेले मी पाहिले होते. मेंढीवाल्याचं नाव पुस्तकात नसेल, मला ठाऊक होतं.

बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. नियम असा आहे, की तिथे ती फार दिवस ठेवायची नाही. माझे सहाशे चाळीस तिथे तेवीस वर्षं पडून होते.

वर्ग संपायच्या आदल्या दिवशी, १ ऑगस्टला, चिनी पंचांगातला सातवा महिना लागला. हा त्यांचा पितृपक्षच. फक्त आपला पंधरा दिवसांचा, त्यांचा महिन्याचा, आणि त्यांच्याकडे आपल्या पितरांबरोबर ज्यांना कुणी नाही अशी भुतंही येतात. भूत म्हणायचं नाही, 'भले बंधू' म्हणायचं. दुकानांसमोर, कचेऱ्यांसमोर टेबलं मांडून फळं, बिस्किटं, शीतपेयं ठेवतात. मेहुण्याने सांगितलं, तिकडे कॉम्प्युटरवर 'क्वाइ-क्वाइ' नावाच्या कुरकुऱ्यांची हिरवी पिशवी ठेवतात. शब्दाचा अर्थ 'शहाण्यासारखा वाग', म्हणजे मशीन बंद पडत नाही. पिशवी हिरवीच हवी आणि तारीख उलटून गेलेली चालत नाही. मी चार पिशव्या शाखेसाठी घेतल्या.

मग एकटाच नगरदेवाकडे गेलो. देवाला प्रश्न विचारायला तिथे लाकडाच्या चंद्रकोरीसारख्या दोन फोडी असतात. एक बाजू सपाट, एक फुगीर. माझ्या आजोळी कोकणात देवाला कौल लावतात, फूल उजवीकडून पडलं की डावीकडून, त्यातलाच प्रकार. एक सपाट, एक फुगीर पडली तर 'हो'. दोन्ही फुगीर वर आल्या तर 'नाही'. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला.

मी मनात मराठीत विचारलं, "माझं चुकलं का?" आणि फोडी टाकल्या. दोन्ही सपाट. पुन्हा विचारलं. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा एक फोड घरंगळत टेबलाखाली गेली. ती काढून द्यायला एक आजी वाकल्या. त्यांनी खुणेनेच माझ्याकडे बोट केलं, वर देवाकडे केलं आणि तोंडाला पदर लावल्यासारखं करून हसल्या. बाजूला एक विद्यार्थी उभा होता. तो इंग्रजीत म्हणाला, "त्या म्हणतात, देवाला तुमचा प्रश्न कळला नाही, किंवा उत्तर तुम्हांला माहीत आहे. दुसरं काहीतरी विचारा."

दुसरं काही मला विचारायचं नव्हतं.

देवळाजवळच्या दुकानात पितरांना पाठवायचे कागदी पैसे मिळतात. ते जाळले की पलीकडे पोचतात. त्यात चक्क नोटा असतात आणि नोटांवर बँकेचं नाव असतं, पाताळातल्या बँकेचं. आकडे बघून मी थक्क झालो. दहा-दहा कोटींच्या नोटा! इतकी चलनवाढ तर आपल्याकडेही नाही. मी दुकानदाराला हातवारे करून सहाशे चाळीस आहेत का विचारलं. त्याला वाटलं मी भाव करतोय. त्याने एक गड्डी स्वस्त केली.

ती गड्डी मी देवळाच्या भट्टीत घातली. सवयीने आधी मोजली. एक नोट कमी निघाली, पण परत गेलो नाही. भट्टीचा धूर डोळ्यांत जातो, ते एक बरं असतं. पावती मिळत नाही, काउंटरफॉइल नाही, पोचले की नाही कळायला मार्ग नाही. पोचलेच असतील तर बाबांनी ते मोजले असतील, माझी रक्कम वजा केली असेल आणि उरलेल्याची चिठ्ठी लिहायला घेतली असेल, अशी मला उगीचच भीती वाटली.

सोमवारी कामावर रुजू झालो. क्वाइ-क्वाइच्या पिशव्या सर्व्हरवर ठेवल्या. दुपारपर्यंत त्यांतली एक शिपायाने खाल्ली आणि सिस्टिम डाऊन झाली. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले, माझ्या काउंटरशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय, झालं का घरगुती काम?"

"अर्धवट राहिलंय," मी म्हटलं.

"होतं असं," साहेब म्हणाले. "रजा आहे ना अजून शिल्लक?"